मिररलेस कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पारखायचा कसा: पांदण, मांडव आणि पटाच्या मैदानावरची तपासणी

लग्नसराई सुरू झाली की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमधल्या फोटोग्राफर पोरांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "भाऊ, याचा फोकस पकडत नाई." कॅमेरा नवा असतो, लाख-सव्वा लाख मोजलेले असतात, बहुतेकदा हप्त्यांवर. दुकानात तर तो छान चालला होता. चालणारच. काउंटरपलीकडे स्वच्छ उजेडात स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर आजचा कुठलाही मिररलेस कॅमेरा क्षणात फोकस करतो. आपलं काम मात्र तसल्या उजेडात नसतं. ते असतं मुंडावळ्यांच्या मागे लपलेल्या डोळ्यांवर, फुफाट्यातून अंगावर येणाऱ्या बैलजोडीवर, झाडीपट्टीच्या नाटकातल्या लाल-निळ्या उजेडात आणि ताडोब्याच्या गवताआड.

पारखही तिथेच व्हायला हवी. आणि "चांगला" किंवा "बेकार" असं एका शब्दात उत्तर मिळेल ही अपेक्षा सोडून द्यावी. ऑटोफोकसमध्ये तीन निरनिराळी कामं असतात: विषय ओळखणं, तो सुटू न देता धरून ठेवणं आणि लेन्समधल्या काचा वेळेत नेमक्या जागी नेणं. यातलं कुठलं काम फसतंय ते कळलं तर बऱ्याचदा नवा कॅमेरा घ्यायची गरजच उरत नाही. सेटिंगने किंवा लेन्स बदलून भागतं. खाली दिलेल्या सगळ्या तपासण्यांचा हेतू एवढाच आहे.

आत काय चालतं

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असायचा. मिररलेसमध्ये फोटो टिपणारा सेन्सरच फोकस मोजतो. त्यामुळे एखादी लेन्स कायम थोडी पुढे किंवा मागे फोकस करते आणि तिला मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट द्यावी लागते, हा जुना त्रास इथे जवळजवळ संपला आहे.

मोजण्याच्या पद्धती दोन. फेज डिटेक्शनमध्ये लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश वेगवेगळा वाचला जातो आणि त्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत यावरून काच कुठल्या दिशेला आणि किती न्यायची ते एका मोजणीत कळतं. कॉन्ट्रास्ट डिटेक्शनमध्ये कॅमेरा काच पुढे-मागे करून चित्र कुठे सगळ्यात रेखीव दिसतं ते शोधत बसतो. स्थिर वस्तूवर ही पद्धत अचूक आहे, पण धावत्या वस्तूवर दमते. कॅननने २०१३ मध्ये ७०डी या कॅमेऱ्यात ड्युअल पिक्सेल आणलं, म्हणजे सेन्सरचा जवळजवळ प्रत्येक पिक्सेल फेज मोजू लागला. पॅनासॉनिकच्या लुमिक्स मिररलेसमध्ये मात्र फेज डिटेक्शन यायला २०२३ चा एस५ मार्क २ उजाडावा लागला. जुना लुमिक्स स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी पटाचे (बैलजोड्यांच्या शर्यतीचे) किंवा पक्ष्यांचे फोटो काढायला घेणार असेल, तर हे आधी माहीत हवं.

जाहिरातीत फोकस बिंदूंचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. त्या आकड्यावर जाऊ नका. निकॉनच्या २०१८ च्या झेड७ मध्ये ४९३ बिंदू होते आणि २०२१ च्या झेड९ मध्येही ४९३ च आहेत. धावत्या विषयावर मात्र दोघांची बरोबरी होऊच शकत नाही, कारण झेड९ चा स्टॅक्ड, म्हणजे थरांनी रचलेला, सेन्सर वेगाने वाचला जातो आणि तो सेकंदाला १२० वेळा फोकसचा हिशेब करतो. सेन्सर किती वेळा वाचला जातो, प्रोसेसर किती लवकर निर्णय घेतो आणि लेन्सची मोटर तो निर्णय किती लवकर अमलात आणते, यांवर खरा फरक पडतो.

तपासणीआधीची तयारी

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आधी बघा, सेकंडहँड कॅमेरा असेल तर नक्कीच. झेड६ आणि झेड७ बाजारात आले तेव्हा त्यांना डोळा ओळखता येत नव्हता. ती सोय २०१९ मध्ये फर्मवेअरमधून मिळाली. जुन्या फर्मवेअरवरचा कॅमेरा तपासून त्याला नाव ठेवणं अन्यायाचं आहे. लेन्सलाही स्वतःचं फर्मवेअर असतं, तेही तपासा.

त्यानंतर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. टेलीलेन्सवर हलका फिल्टर असला की चांगली लेन्सही मऊ दिसते आणि दोष फोकसच्या माथी जातो. लेन्सच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या. आपल्याकडच्या धुळीत ते लवकर मळतात.

सगळ्यात महत्त्वाचा शटर स्पीड. फोकस तपासायचा असेल तर फोटो हलण्याची शक्यता आधी काढून टाकायला हवी. चालत्या माणसाला १/१००० सेकंद, पक्षी आणि बैलजोडीला १/२००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ वाढला तर वाढू द्या, इथे दाणेदारपणाचे गुण कापायचे नाहीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. एफ/८ वर सगळेच कॅमेरे हुशार वाटतात, कारण फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे रेखीव दिसणारं अंतर, इतकी मिळते की चूक झाकली जाते.

फोकस मोड सततचा ठेवा. सोनी, निकॉन, फुजीमध्ये त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो. याच मेनूत एक सेटिंग असते, ती बहुतेक लोक उघडून बघत नाहीत: शटरला प्राधान्य की फोकसला प्राधान्य. शटरला प्राधान्य असेल तर बटण दाबताच कॅमेरा फोटो काढतो, फोकस झालेला असो वा नसो. दोन मित्रांनी दोन कॅमेरे शेजारी ठेवून तुलना केली आणि एकाचं प्राधान्य शटरला, दुसऱ्याचं फोकसला असेल, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही. तपासताना फोकसला प्राधान्य द्या आणि सेकंदाला प्रत्यक्षात किती फोटो निघतात तेही मोजा. खोक्यावर १५ लिहिलेलं असेल आणि फोकस सांभाळताना ७ च निघत असतील, तर आपल्यासाठी तो ७ चा कॅमेरा.

पहिली तपासणी: पडवीतलं खताचं पोतं

स्थिर वस्तूवर फोकस दरवेळी एकाच जागी येतो का, हे आधी बघायचं. युरियाचं किंवा डीएपीचं ठळक छपाई असलेलं रिकामं पोतं पडवीत ताणून टांगा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. मधला एकच छोटा बिंदू निवडा, एकदाच फोकस करणारा एएफ-एस मोड लावा. आता प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा: एकदा तळहात लेन्सपुढे धरून जवळ आणा, एकदा लांबच्या लिंबाच्या झाडावर न्या. असे दहा-बारा फोटो झाले की शेवटी पडद्यावर चित्र मोठं करून हाताने फोकस करा आणि एक फोटो काढा. हाताचा फोटो ही मोजपट्टी. बाकीचे तिच्याशी जुळले पाहिजेत. इथेच घोटाळा असेल तर पुढच्या तपासण्यांची घाई करू नका, आधी दुसरी लेन्स लावून बघा.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट करून घ्या. अंगणातून जाणारी विजेची आडवी तार किंवा टिनाच्या छपराची आडवी कड धरून फोकस करा. बरेच कॅमेरे इथे अडखळतात. कारण बहुतेक मिररलेस सेन्सरवर फेजची मोजणी डावी-उजवी अशा एकाच दिशेने होते. उभ्या रेषा तिला चटकन सापडतात, आडव्या सापडत नाहीत. कॅमेरा उभा धरला की तीच तार लगेच पकडली जाते. दोन्ही दिशांनी मोजणारे कॅमेरेही आहेत. २०२२ च्या ओएम-१ मध्ये १०५३ बिंदू आहेत आणि सगळे क्रॉस प्रकारचे. तुमचा कॅमेरा एकाच दिशेचा असेल तर तो टाकाऊ ठरत नाही. पण धानाच्या बांधीचे धुरे, नांगरलेल्या वावराच्या सऱ्या, काठावर लागलेला नावेचा काठ अशा आडव्या गोष्टींवर तो चुकणार हे ठाऊक असलं, की तुम्ही कॅमेरा जरा तिरपा करून फोकस घ्याल आणि मग चौकट सरळ कराल.

चुना मारलेली भिंत, पांढरंशुभ्र धोतर, काळी म्हैस यांच्या मधोमध कुठलाच कॅमेरा फोकस करू शकत नाही, तिथे पकडायला काही नसतं. म्हशीचं शिंग किंवा डोळ्याची कड दिली की काम व्हायला हवं. तिथेही होत नसेल तर ते नोंदवून ठेवा.

दुसरी तपासणी: पांदणीवरची सायकल

ही सगळ्यात जास्त शिकवणारी तपासणी आहे, त्यामुळे तिच्यासाठी एक अख्खी सकाळ द्या. बाजूने जाणारा विषय सोपा असतो, कारण त्याचं अंतर फारसं बदलत नाही. अंगावर येणारा विषय कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेतो.

घरातल्या किंवा शेजारच्या पोराला चौकड्याचा शर्ट घालून सायकलवर बसवा. सरळ पांदण निवडा. त्याने ४० मीटरवरून तुमच्याकडे एकसारख्या वेगाने यायचं आणि शेवटी बाजूने निघून जायचं. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर; ५ मीटरवर पोहोचेपर्यंत त्याला सात सेकंद लागतात. सेकंदाला दहा फोटो धरले तर एका फेरीत सत्तर फोटो. कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत जिथे साठतात ती जागा) तेवढा नसेल तर जेपेगवर काढा, नाहीतर मध्येच वेग पडेल आणि तुम्हाला वाटेल फोकस अडला.

हे अवघड का, ते आकड्यांत बघा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर लेन्स आणि एफ/२.८ असताना २० मीटरवर रेखीव दिसणारी खोली साधारण पावणेदोन मीटर असते. १० मीटरवर तीच साधारण ४० सेंटीमीटर उरते. सायकलस्वार दोन फोटोंच्या मध्ये ५० सेंटीमीटर पुढे येतो. म्हणजे मागच्या फोटोतलं अंतर पुढच्या फोटोला उपयोगाचं नाही. विषय पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून कॅमेऱ्याला काच आधीच तिथे न्यावी लागते. सेकंदाला १० मीटर धावणारी बैलजोडी असेल तर हाच हिशेब दुप्पट कठीण होतो.

चार-पाच फेऱ्या करा. मग संगणकावर फोटो १०० टक्के मोठे करून तीन ढीग लावा: टिपलेले, चालतील असे आणि गेलेले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हे काम करू नका, तिथे सगळंच बरं दिसतं.

ढीग लावून झाले की गेलेले फोटो कुठे गेले ते बघा. खरी माहिती तिथे आहे. फेरीची सुरुवातच चुकली असेल आणि पुढचे सगळे फोटो धुरकट असतील, तर कॅमेऱ्याने विषय मुळात धरलाच नव्हता. सुरुवात नीट आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये फोकस मागे मागे राहत गेला असेल, तर अंदाज किंवा लेन्सची मोटर कमी पडते आहे. एक फोटो नीट, दुसरा गेलेला, तिसरा पुन्हा नीट असं चाललं असेल तर कॅमेरा काच पुढे-मागे करत शोधतो आहे. आणि मधले सलग पाच-सात फोटो मागच्या बाभळीवर रेखीव असतील तर पकड सुटली होती.

फोकस पुढे गेला की मागे, हे चेहऱ्यावरून कळत नसेल तर जमिनीकडे बघा. पांदणीतली कुठली माती, कुठला खडा रेखीव दिसतो? चाकाच्या पुढचा की मागचा? फोकस कुठे पोहोचला होता ते मातीच सांगते. चौकटीत काहीच रेखीव नसेल आणि सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर ती फोकसची चूक नाही, फोटो हललेला आहे.

बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो परत बघताना फोकसची चौकट दाखवायची सोय असते. ती चालू ठेवा. चौकट चेहऱ्यावर आणि चेहरा धुरकट, म्हणजे ओळख बरोबर होती, काच पोहोचली नाही. चौकटच हँडलवर, म्हणजे ओळख चुकली. पहिल्या चुकीवर लेन्स बदलून बघायची, दुसरीवर सेटिंग.

शंकरपटाला जाण्याआधी ही तपासणी झालेली असावी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पट पुन्हा भरू लागले आहेत आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांवर कॅमेरे घेऊन येणारे पुष्कळ असतात. तिथे जोडी काही सेकंदांत निघून जाते, प्रयोगाला वेळ नसतो. उभं राहताना पटाच्या रेषेत नव्हे, बाजूला आणि अडथळ्याच्या मागे उभं राहा. मोजताना धुरकरी (जोडी हाकणारा) आणि बैल यांचे ढीग वेगळे लावा. बैलांच्या पुढचा उडालेला मुरूम कॅमेऱ्याला आधी दिसतो, आणि प्राणी ओळखण्याची सोय चालू असूनही शिंगांच्या गोंड्यांवर फोकस अडकतो. अशा वेळी ओळख बंद करून मधला लहान भाग वापरून एक फेरी काढा आणि दोन्हींचे ढीग शेजारी ठेवा. पटावर मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरी तपासणी: मुंडावळ्या आणि डोळे

लग्नाचं काम करणाऱ्याने ही घरीच करावी, मांडवात नव्हे. बहिणीला किंवा वहिनीला मुंडावळ्या बांधा, डोक्यावर पदर द्या आणि खिडकीच्या उजेडात बसवा. ८५ मिलिमीटर, एफ/१.८, दोन मीटर अंतर. या हिशेबात खोली मिळते साधारण ६ सेंटीमीटर, म्हणजे पुढे-मागे तीन-तीन. चेहऱ्यापुढे लोंबणारी मोत्यांची लड नेमकी तेवढ्याच अंतरावर असते. कॅमेरा डोळ्याऐवजी लड धरतो, मागच्या पडद्यावर फोटो ठीक दिसतो आणि अल्बम छापताना पापण्या मऊ निघतात.

क्रम असा ठेवा: समोरून, तीन-चतुर्थांश वळून, पूर्ण बाजूने, मान खाली घालून, डोळे मिटून उघडताना. मग उठून तुमच्याकडे चालत यायला सांगा. शेवटी दुसऱ्या कोणालातरी मध्ये आणा, जसा मांडवात मामा किंवा करवली नेमकी वेळ साधून आडवी येते. आडवा माणूस निघून गेल्यावर कॅमेरा नवरीकडे परत येतो का, किती फोटोंनी येतो, की नवरीच्या मागच्या कापडी पडद्यावर जाऊन बसतो? बहुतेक कंपन्या या चिकटपणासाठी वेगळी सेटिंग देतात. ती "घट्ट" बाजूला नेऊन हाच प्रसंग पुन्हा करा. लग्नासाठी घट्ट आणि पक्ष्यांसाठी सैल, असं माझं मत अनुभवाने बनलं आहे. काही कॅमेऱ्यांत चेहरा नोंदवून ठेवता येतो, मग गर्दीत तोच चेहरा आधी धरला जातो. ही सोय असेल तर नवरा-नवरीचे चेहरे हळदीच्या दिवशीच नोंदवून घ्या आणि त्याआधी घरी तिची परीक्षा घ्या, कारण हळदीने माखलेला आणि नंतर सजलेला चेहरा कॅमेऱ्याला सारखा वाटेलच असं नाही.

काळा गॉगल घातलेला नवरदेव, घोड्यावर बसलेला, मागून हॅलोजन. हा प्रसंग प्रत्येक वरातीत येतो. तोही अंगणात उभा करून बघा.

चौथी तपासणी: एका बल्बचा उजेड

दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, वडसा हे त्यांचं केंद्र. मंचावरचा उजेड दर मिनिटाला बदलतो. कमी उजेडातल्या ऑटोफोकसची त्याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

खोक्यावर "उणे ४ ईव्ही", "उणे ६ ईव्ही" असे आकडे असतात. ईव्ही हे उजेडाचं माप, जितका जास्त उणे तितका जास्त अंधार. उणे २ ते उणे ३ म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यातला उजेड. मात्र दोन कंपन्यांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. कॅनन हा आकडा एफ/१.२ लेन्स धरून देतं, सोनी एफ/२ धरून. नुसत्या लेन्समुळे दोहोंत जवळजवळ दीड स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तुमच्याकडे एफ/५.६ वर जाणारी किट लेन्स असेल तर खोक्यावरचा आकडा तुमच्या कामाचा राहतच नाही.

रात्री अंगणात एकच बल्ब लावा आणि माणसाला त्याच्यापासून हळूहळू लांब न्या. प्रत्येक टप्प्यावर फोकस बिघडवून पुन्हा पकडायला किती वेळ लागतो ते बघा. घड्याळ नको, मनात "एक, दोन" म्हणा. एकच्या आत पकडला तर उत्तम, तीनवर गेला तर नाटकातला प्रसंग हातचा गेला. कॅमेऱ्याचा नारिंगी सहायक दिवा बंद ठेवा, कारण मंचासमोर आणि जंगलात तो वापरता येत नाही. मग बल्बला लाल जिलेटीन कागद लावून हेच करा. चेहऱ्याचे बारकावे लाल उजेडात बुजतात आणि पांढऱ्या उजेडात तरबेज असलेले कॅमेरे इथे चाचपडायला लागतात.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर तो फोकसचा दोष नव्हे. शटर आणि दिव्याचं लुकलुकणं जुळत नाही म्हणून ते येतात. इलेक्ट्रॉनिक शटरऐवजी मेकॅनिकल लावा, शटर स्पीड बदला.

पाचवी तपासणी: तारेवरचा वेडा राघू

पक्ष्यांसाठी दूर जायची गरज नाही. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. असा पुन्हा पुन्हा तीच झेप घेणारा नमुना फुकटात मिळतो, तो वापरा. परतीची झेप टिपायचा प्रयत्न करा. मागे मोकळं आभाळ असताना आणि मागे झाडं असताना, दोन्ही वेळी. आभाळावर जवळजवळ सगळे कॅमेरे पास होतात. झाडं मागे आली की फरक दिसतो.

त्यानंतर म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल घ्या. काळ्यावर काळा, त्यात डोळा शोधायचा आहे. मग पऱ्हाटीवर एकाच जागी पंख मारत थांबणारी कापशी घार, ही सोपी. तिच्यावर फक्त लेन्सची अचूकता कळते. मालगुजारी तलावाच्या काठावर कमळाच्या पानांत चालणारा कमळपक्षी घेतला तर पुढचं पान आणि मागचा पक्षी यातून कॅमेरा काय निवडतो ते दिसतं. गोंदियाकडच्यांनी धानाच्या बांधीतला सारस लांबूनच टिपावा. फोकस तपासायचा म्हणून घरट्याजवळ कोणीही जाऊ नये.

ताडोबा, नागझिरा, पेंच इथे जाणाऱ्यांनी गवताची तपासणी आधी गावात करावी. तुरीच्या ओळींमागे कुत्रा किंवा वासरू उभं करा. प्राणी ओळखण्याची सोय चालू ठेवून किती वेळा डोळा मिळतो आणि किती वेळा पुढची फांदी? डोळा मिळत नसेल तर एका बोटात लहान बिंदूवर कसं यायचं, त्याचं बटण आजच ठरवा. जिप्सीत बसल्यावर मेनू उघडायला वेळ नसतो. टेलीलेन्सवर अंतर मर्यादित करायचं बटण असेल तर ते लांबच्या बाजूला ठेवा, म्हणजे फोकस सुटला तरी काच अगदी जवळपर्यंत जाऊन येण्यात वेळ घालवत नाही.

उन्हाची झळ वेगळी ओळखा

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि लांबच्या लेन्समधून घेतलेला फोटो मऊ पडतो. चांगले चांगले लोक इथे कॅमेऱ्याला दोष देतात आणि सर्व्हिस सेंटरला पाठवतात. ओळखायचं असं: ट्रायपॉडवरून शंभरेक मीटरवरच्या विजेच्या खांबाचे सलग वीस फोटो काढा. खांब हलत नाही, कॅमेरा हलत नाही. तरीही काही फोटो रेखीव, काही मऊ आणि खांबाची कड नागमोडी दिसली तर ती हवेची लहर आहे. लाखाची लेन्सही तिच्यापुढे काही करू शकत नाही. जवळ जा किंवा सूर्य वर चढण्याआधी या. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून किंवा एसी चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो घेतला तरी हीच लहर मध्ये येते. बाहेरच्या, दिवसाच्या तपासण्या सकाळी करा असं मी म्हणतो ते याच कारणाने.

दोष बॉडीचा की लेन्सचा

हे ठरवायला दुसरी लेन्स लागते, तीही त्याच कंपनीची आणि नव्या मोटरची. नागपुरातून एक दिवस भाड्याने आणली तरी चालते. सायकलची तपासणी तशीच पुन्हा करा. गेलेल्या फोटोंचा ढीग एकदम कमी झाला तर तुमची बॉडी ठीक आहे, पैसे लेन्समध्ये घाला. अडॅप्टर लावून वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीएसएलआर लेन्स इथे बरंच काही उघड करतात: स्थिर विषयावर उत्तम, सायकलवर मागे राहणाऱ्या. टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोडकाच) लावून बघत असाल तर तो काढूनही एक फेरी घ्या.

व्हिडिओ करणाऱ्यांनी हार घालण्याचा प्रसंग उभा करावा: चेहरा, मग पुढे आलेला हार, मग पुन्हा चेहरा. काच झटक्याने धावली तर फोकस बदलण्याचा वेग कमी करून पाहा. शांत खोलीत मोटरचा आवाज रेकॉर्ड होतो का तेही ऐका.

आकडे वाचताना

वही ठेवा. तारीख, लेन्स, फर्मवेअर, सेटिंग आणि तीन ढिगांचे आकडे. दहा फोटोंवरून काहीच ठरत नाही. निदान शंभर तरी असावेत. तेवढ्यातही एका कॅमेऱ्याचे ८५ आणि दुसऱ्याचे ८८ टिपलेले निघाले तर तो फरक धरू नका, पुढच्या सकाळी उलटही होईल. ८५ आणि ६० असेल तर फरक खरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. लेन्सही बदलली आणि चिकटपणाही बदलला, तर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येणार नाही.

कामानुसार आकड्याचा अर्थही बदलतो. पटावर सत्तरपैकी चाळीस टिपले गेले तर भरपूर झाले, अल्बमला दोनच लागतात. मंगळाष्टकांच्या शेवटच्या क्षणी मात्र अक्षता पडतानाचे तीनच फोटो मिळतात आणि त्यातला एक तरी डोळ्यावर हवाच.

दुकानात किंवा सेकंडहँड विकणाऱ्याच्या घरी अर्धा तासच मिळणार असेल तर क्रम असा लावा. फर्मवेअर बघा. स्वतःचं कार्ड घाला. दुकानातल्या पाटीवर फोकस बिघडवून दहा फोटो काढा. दुकानाच्या शटरच्या आडव्या कडेवर एकदा, मग कॅमेरा उभा धरून पुन्हा एकदा. दुकानाबाहेर येऊन रस्त्यावरून तुमच्याकडे येणाऱ्या मोटारसायकलींवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने, १/२००० ला, चार-पाच बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) घ्या. मग आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोबत्याला उभं करून त्याला तुमच्याकडे चालत यायला लावा. कार्ड घेऊन घरी या, संगणकावर ढीग लावा आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या. विकणारा कार्डवर फोटो काढू देत नसेल तर तो कॅमेरा घेऊ नका.